नदीवरचा डाग : शिसपेन्सिलीतल्या एका जुन्या निसर्गचित्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ड्रेस्डेनमधलं, २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरातलं. मी इथे जुन्या कागदांचं काम करते, म्हणजे नकाशे, चित्रं, पत्रं, जे काही कागदावर आहे आणि खराब होत चाललंय ते अजून काही वर्षं टिकेल असं करायचं. चित्राच्या मालकिणीला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

ती मूळची पुण्याची, इथे नोकरीला. तिचे बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक, हयातभर शाळेतल्या पोरांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसवलेले. एल्ब नदीच्या काठी शनिवारी जुना बाजार भरतो, तिथे तिला फ्रेमसकट एक पेन्सिलीचं चित्र दिसलं आणि बाबांना दिवाळीला द्यायला म्हणून तिने ते ६० युरोला उचललं. बस एवढंच होतं सुरुवातीला.

चित्र मोठं नाही, आपल्या झेरॉक्सच्या कागदाहून थोडं लहानच. डाव्या हाताला पुढेच एक भलं मोठं झाड, त्याच्या बुंध्याशी दोन पाठमोरी माणसं उभी, मधे एल्ब, आणि पलीकडच्या काठावर बास्टाइचे सुळके. बास्टाइ म्हणजे ड्रेस्डेनहून लोकलने गेलात तर तासाच्या आत येणारे वालुकाश्माचे कडे, नदीपासून १९४ मीटर उंच, एकाला एक चिकटून उभे. या सगळ्या भागाला सॅक्सन स्वित्झर्लंड म्हणतात, आणि हे नाव पडलं ते १७६६ मध्ये ड्रेस्डेनच्या कला अकादमीत आलेल्या दोन स्विस चित्रकारांमुळे, आड्रियान झिंग आणि आन्टोन ग्राफ, ज्यांना इथे आपल्या गावाकडची आठवण यायची. तेव्हापासून पुढची शंभरेक वर्षं इथे वही-पेन्सिल घेऊन माणसं येतच राहिली.

फ्रेमच्या मागच्या लाकडी पाटीवर कोणीतरी बऱ्याच नंतर शाईने लिहिलं होतं, ‘सी. डी. फ्रीडरिश’, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

अडचण कुठे सुरू झाली

२०२४ हे जर्मन निसर्गचित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिशच्या जन्माचं २५० वं वर्ष. हॅम्बर्ग, बर्लिन, ड्रेस्डेन सगळीकडे त्याची मोठी प्रदर्शनं, ट्रॅममध्ये पोस्टर, दुकानात पिशव्या, धुक्याच्या समुद्राकडे बघत उभा असलेला तो पाठमोरा माणूस जिथे तिथे. आणि हिच्या घरात भिंतीला टेकवून ठेवलेलं एक चित्र ज्यात दोन पाठमोरी माणसं आहेत आणि मागे ते नाव. तिची झोप उडाली तर नवल काय. तिने फोटो एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवला, तो म्हणाला मी बघतो, पण आधी साफ करून घे, डाग घालव, कागद पांढरा कर, मागचा पुठ्ठा काढून टाक, मग बोलू.

माझ्याकडे आली तेव्हा हेच वाक्य घेऊन आली. “ताई, पांढरंशुभ्र करून दे ना.”

आता चित्राची खरी अवस्था सांगते. कागद चारही कडांनी एका जाड पुठ्ठ्यावर सरसाने चिकटवलेला, पुठ्ठा लाकडाच्या लगद्याचा म्हणजे आम्लाने भरलेला, त्यामुळे कागद चहात बुडवल्यासारखा झालेला आणि जुन्या माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती लावतात त्या मधे खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या, खिडकीची तपकिरी चौकट त्यावर उमटलेली. आकाशात बारीक तपकिरी ठिपके. नदीच्या मधोमध एक करडा डाग, साधारण दीड सेंटीमीटरचा, कुणाचं तरी मळकं बोट लागल्यासारखा. पेन्सिल स्वतः मात्र ठणठणीत होती. आपण शिसपेन्सिल म्हणतो खरं पण त्यात शिसं नसतं, ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बनच, त्यामुळे उजेडाने ते फिकं पडत नाही. त्याला भीती फक्त घासण्याची.

खरी अडचण माझ्या मते अशी होती की तीन वेगळे प्रश्न एकात एक गुंतले होते : हे कोणाचं, हे केव्हाचं, आणि याचं करायचं काय. तिला पहिल्याचं उत्तर हवं होतं, व्यापाऱ्याला तिसऱ्याची घाई होती, आणि दुसऱ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं हे मी आधीच सांगून टाकते.

कोणते मार्ग समोर होते

सगळ्यात सोपं म्हणजे काहीच न करता नवीन आम्लरहित माउंट आणि चांगली काच लावून परत देणं. चित्र सुरक्षित, पण पुठ्ठा मागे तसाच राहणार आणि कागद खात राहणार, म्हणजे दुखणं झाकून ठेवल्यासारखं.

दुसरं, व्यापारी म्हणत होता ते. पाण्यात बुडवायचं, ब्लीच करायचं, दाबून सपाट करायचं. यातून कागद खरंच उजळतो आणि ग्राफाइटला ब्लीचने काही होत नाही, त्यामुळे मोह पडतो. पण कडक पेन्सिलीने काम केलेल्या कागदावर रेघ नुसती काळी नसते, ती कागदात रुतलेली असते, तिरप्या उजेडात बघितलं की नांगरटीसारखे बारीक चर दिसतात, आणि ओला करून दाबला की कागद फुगतो आणि ते चर बुजतात. चित्र तेच राहतं पण हात निघून जातो. शिवाय कुठे शाईने काही लिहिलेलं असेल, मागच्या बाजूला, जे आपल्याला अजून दिसलेलंच नाही, तर ते ब्लीचने गेलंच समजा.

तिसरा मार्ग, आधी जाणकाराकडे जा, नाव ठरवा, मग हात लावा. हे ऐकायला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पण चिकटवलेल्या चित्राची अर्धी माहिती मागच्या बाजूला असते आणि ती झाकलेली असताना जाणकार तरी काय सांगणार. यात अजून एक फाटा होता, चित्र पुण्याला पाठवायचं होतं, आणि ५० वर्षांहून जुनं रेखाचित्र १५,००० युरोच्या वर किमतीचं ठरलं तर युरोपियन युनियनच्या बाहेर न्यायला परवाना लागतो. म्हणजे ६० युरोची भेटवस्तू नाव बदलल्याबरोबर सरकारी कागदपत्रांचा विषय होणार होती.

आम्ही ठरवलं ते असं : पुठ्ठा काढायचा, कोरडीच सफाई करायची, जितकं वाचता येईल तितकं वाचायचं, पाणी आणि ब्लीचचा निर्णय त्यानंतर. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. त्यातला क्रम चुकला.

काय केलं, आणि कुठे चुकलं

आधी तिने घरी मोबाइलवर काढलेले फोटो माझ्याकडे होते. आमच्या कामाचा नियम असा की पहिल्यांदा नीट फोटो काढायचे, समोरून, तिरप्या उजेडात, मागून उजेड टाकून, मग भिंगाखाली बघायचं आणि मगच हात लावायचा. त्या आठवड्यात माझा दिव्याचा स्टँड दुसऱ्या कामात अडकला होता. मी विचार केला, वरची धूळ तर कोणत्याही परिस्थितीत काढायचीच आहे, ती काढून घेऊ, फोटो उद्या. आणि रबराचा कोरडा स्पंज घेऊन मी आकाशापासून खाली यायला लागले.

आकाश छान निघालं. नदीवर आले, तो करडा डाग होता त्याच्यावरून दोनदा स्पंज फिरवला, थोडा निघाला, बरं वाटलं. तिसऱ्यांदा फिरवताना डागाच्या एका टोकाला चमक दिसली. धूळ चमकत नाही, ग्राफाइट चमकतं, त्याला एक रुपेरी झाक असते. मी थांबले, भिंग लावलं.

डागाच्या डाव्या टोकाला जेमतेम सहा मिलिमीटरची एक बोट होती. कडक, टोकदार पेन्सिलीने काढलेली, बाजूला अर्धगोल चाकाची पेटी, मधे उभी नळी. वाफेची बोट. आणि जो मी मळ समजून पुसत होते तो तिचा धूर होता, मऊ पेन्सिल लावून बोटाने पसरवलेला, म्हणूनच तो बोटाच्या डागासारखा दिसत होता. तिने काढलेल्या मोबाइलच्या फोटोत तो नदीवरून मागे लांब गेलेला दिसतो. आता कागदावर त्याचा नळीजवळचा एखाद्या तांदळाच्या दाण्याएवढा भाग उरलाय.

त्या दिवशी मी पुढे काही केलं नाही. संध्याकाळी तिला फोन केला आणि सांगितलं, अशी अशी गोष्ट झाली, माझ्या हातून झाली आणि ती परत आणता येणार नाही. न सांगण्याचा विचार आला होता का, तर हो, एक क्षण आला होता, कारण तो डाग तिलाही डागच वाटत होता आणि तिने तो घालवायलाच सांगितला होता. पण ती वाफेची बोट कागदावर दिसत असताना धुराची गोष्ट लपवणार कशी. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “पण ताई, बोट होती म्हणून कळलं तरी ना.”

बोट काय सांगते ते त्या रात्री माझ्या डोक्यात उलगडत गेलं. ड्रेस्डेनच्या भागात एल्बवर वाफेची प्रवासी बोट आली १८३७ ला, ‘क्योनिगिन मारिया’ तिचं नाव. म्हणजे चित्र १८३७ नंतरचं. मग सुळके परत बघितले. दोन सुळक्यांच्या मधे अगदी फिक्या दोन आडव्या रेघा आणि त्यांना आधार देणारे उभे टेकू होते, मला आधी ती खडकाचीच थरांची रेघ वाटली होती. तो पूल होता. बास्टाइवर लाकडी पूल बांधला १८२६ ला, आणि १८५१ ला तो काढून आज उभा आहे तो दगडी कमानींचा पूल आला. चित्रात कमान एकही नाही, सरळ लाकूड आहे. म्हणजे १८३७ ते १८५१, चौदा वर्षांची खिडकी, आणि ती कुठल्याही सहीशिवाय, निव्वळ चित्रात काय काढलंय त्यावरून मिळालेली. नदीच्या अलीकडच्या काठाने १८५० मध्ये रेल्वे आली, ती चित्रात नाही, पण याला मी पुरावा धरला नाही, कारण त्या काळातले चित्रकार नको ते खुशाल गाळायचे. लुडविग रिश्टरचं ‘श्रेकेनश्टाइनजवळची नदीपार’ हे याच एल्बवरचं प्रसिद्ध तैलचित्र नेमकं १८३७ चं, त्यात नावेत वीणेसारखं वाद्य वाजवणारा म्हातारा आहे, प्रेमी युगुल आहे, वरती पडका किल्ला आहे, वाफेच्या बोटीचं नाव नाही. आणि आपल्या या अनामिकाने मात्र ती बोट घेतली. ती दिसली म्हणून घेतली. मला हे फार आवडलं.

फ्रीडरिशचं नाव इथेच जवळजवळ संपलं. १८३५ च्या जूनमध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर तो मुख्यतः जलरंग आणि सेपियातली, म्हणजे तपकिरी रंगातली, थोडीफार कामं करू शकला, १८४० ला गेला. पण तारखांच्याही आधी हे चित्र त्याच्या पद्धतीचं नव्हतंच. तो पेन्सिलीने पूर्ण देखावा रचत बसायचा नाही, एका पानावर एक झाड, एक खडक, बाकी पान कोरं, आणि बाजूला दिवस-महिना-वर्ष. मग ते पान कधी कधी कित्येक वर्षांनी स्टुडिओत एखाद्या तैलचित्रात जाऊन बसायचं. धुक्याच्या समुद्रापुढचा तो माणूस ज्या खडकावर उभा आहे त्याचं पेन्सिलीचं पान ३ जून १८१३ चं आहे, चित्र साधारण १८१८ चं.

दुसऱ्या दिवशी सगळे फोटो नीट काढले, मग पुठ्ठा. तो मागून थराथराने स्कॅल्पेलने सोलला, शेवटचा पातळ थर आणि सरस मिथाइल सेल्युलोजचा लेप ठेवून मऊ केला आणि हळूहळू खरवडला, या सगळ्याला तीन दिवस गेले. मागून उजेड टाकल्यावर वॉटरमार्कची अर्धी अक्षरं दिसली, ‘हॉटमन’सारखी, म्हणजे इंग्लंडचा व्हॉटमन कागद असावा असं वाटेल, पण ते नाव युरोपातल्या बऱ्याच गिरण्या सर्रास उचलायच्या आणि वर्ष असतं तो भाग कापलेला होता, सबब उपयोग शून्य.

काकांचं म्हणणं

पुठ्ठा निघायच्या आदल्या रात्री तिने पुण्याला बाबांना, मी त्यांना काका म्हणते, व्हिडिओ कॉल लावला होता. मी कॅमेरा चित्रावर अगदी जवळून फिरवत होते, झाडावरून माणसांवर, नदीवर, सुळक्यांवर. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “परत झाडावर जा.” गेले. “आता दगडावर.” गेले. “बाळा, हे झाड पाठ केलेलं आहे आणि दगड बघितलेला आहे.”

मी विचारलं, काका म्हणजे कसं. ते म्हणाले, झाडाची पानं बघ, सगळीकडे तोच इंग्रजी तीनचा आकडा, आडवा-उभा-तिरपा, पण तोच. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, पाठ केलेलं झाड मी झोपेत ओळखतो, आपली पोरं दोन डोंगरांच्या मधे सूर्य काढतात तसंच हे. पण दगडाकडे बघ, तिथे प्रत्येक भेग वेगळी आहे, एका ठिकाणी तर रेघ चुकलीय आणि बाजूने परत घेतलीय. पाठ असतं तर चुकली नसती.

मी परत भिंगाखाली बघितलं आणि ते खरंच तसं होतं. झाडाला मऊ पेन्सिल, सरासर ओढलेली, न थांबता. सुळक्यांना कडक पेन्सिल, दर दोन-तीन मिलिमीटरवर हात थांबलाय, कागदात रेघ रुतलीय, वर बघून परत खाली बघितल्याशिवाय असं होत नाही. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये कोंतेने ग्राफाइटच्या भुकटीत माती मिसळून पेन्सिली भाजायला सुरुवात केली, इंग्लंडहून येणारं चांगलं ग्राफाइट युद्धामुळे बंद झालं होतं म्हणून, आणि त्यातून मऊ-कडक अशा प्रती मनाजोगत्या करता यायला लागल्या. त्या कडक पेन्सिलीचं त्या पिढीला वेडच होतं. रिश्टरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की तरुणपणी इटलीत तिवोलीला काढायला बसले की या जर्मन मुलांना पेन्सिल कितीही कडक आणि टोकदार असली तरी पुरायची नाही. हाच रिश्टर १८३६ पासून ड्रेस्डेनच्या अकादमीत निसर्गचित्र शिकवायचा. आपलं चित्र त्याच्या वर्गातलं आहे असं मी म्हणत नाही, म्हणायला आधारच नाही, पण हवा तीच होती.

आणि मग पुठ्ठ्याचा शेवटचा थर निघाला. मागच्या बाजूला ओळीने पानांचा सराव होता. तोच तीनचा आकडा, पाच ओळी, पहिल्या ओळीत चाचरत, खाली खाली सफाईदार. जर्मनमध्ये झाडाच्या पानोऱ्याच्या या रेघांना बाउमश्लाग म्हणतात आणि तो गिरवून शिकवायची पुस्तकंच असायची. दुसऱ्या ओळीत मधेच दोन गुच्छ वेगळ्या, दमदार हातचे, कोणीतरी शिकवणाऱ्याने ‘असं कर’ म्हणून काढून दाखवलेले. आणि कोपऱ्यात जुन्या जर्मन वळणात तीन शब्द, ‘नाख डेर नाटूर’, म्हणजे निसर्गावरून, समोर बघून. नाव नाही.

फोटो पाठवला तेव्हा काकांचा लगेच फोन आला, त्यांना बोलताच येत नव्हतं धड.

निकाल

एका संग्रहालयात रेखाचित्रांचं काम करणाऱ्या अभ्यासकाला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले, त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं : फ्रीडरिश नाही, शिकणाऱ्या हाताचं, ड्रेस्डेनच्या परिसरातलं, बोट आणि पुलावरून काढलेला काळ पटण्यासारखा. व्यापाऱ्याचा रस गेला. परवान्याचा प्रश्नही आपोआप मिटला.

पाणी आणि ब्लीच आम्ही दोन्ही केलं नाही. तपकिरी चौकट दिसते अजून, ठिपके आहेत, पण आम्ल सोडणारा पुठ्ठा गेलाय आणि मागच्या बाजूला जे आहे ते शाबूत आहे. माउंट असं केलंय की वहीचं पान उलटावं तसं चित्र उलटून मागची बाजूही बघता येते. चित्र पुण्याला गेलं नाही, हा निर्णय काकांचाच. म्हणाले माझ्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, कसर लागते, याला इथे आणून मारू नका. त्यांना दोन्ही बाजूंची चांगली प्रत छापून पाठवली, ती दिवाळीच्या आत पोचली.

आज परत करायचं झालं तर

फोटो आधी. याबद्दल मला आता कोणी कितीही घाई केली तरी ऐकणार नाही. दिव्याचा स्टँड नाही तर खिडकीशी चित्र धरून संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढता आला असता, दहा मिनिटांचं काम होतं. आणि ‘डाग’ हा शब्द मी तपासणीच्या फॉर्मवर भिंग लावल्याशिवाय लिहीत नाही, तोपर्यंत ‘करडा भाग’ एवढंच लिहिते, कारण एकदा डाग लिहिलं की हात पुसायला आपोआप जातो.

दुसरं, काकांना मी पहिल्या दिवशीच दाखवायला हवं होतं. मला वाटलं होतं त्यांना भेट म्हणून द्यायचंय, त्यांना कशाला आधी. पण पेन्सिल हातात धरून आयुष्य गेलेल्या माणसाला व्हिडिओ कॉलवर जे दिसलं ते मला भिंगातून दिसलं नव्हतं, आणि स्पंज फिरवायच्या आधी त्यांनी ती नदी बघितली असती तर, कोण जाणे.

पुठ्ठ्याबद्दल एक सहकारी म्हणाली की ओल्या ब्लॉटिंग पेपरवर ठेवून थोडं आम्ल काढता आलं असतं, रेघेला धक्का न लावता. तिचं चुकीचं नाही. मी एकदा चुकल्यावर दुसऱ्यांदा हात लावायला धजावले नाही, हेही त्यात होतं. तो मार्ग पुढे कोणालाही मोकळा आहे.

मोबाइलवरचा तो पहिला फोटो, ज्यात धूर आहे, तो आम्ही छापून माउंटच्या आत चित्राच्या मागे ठेवलाय, तारखेसह, आणि काय झालं ते मी माझ्या सहीने लिहून.

जानेवारीत काकांचा मेसेज आला. त्यांनी प्रतीवरून चित्राची नक्कल करायला घेतली होती, स्वतःच्या पेन्सिलीने, सुळके आधी, झाड शेवटी. बोटही काढली होती आणि नळीतून धूर, बोटाने पसरवून. खाली विचारलं होतं, “फोटोत उजव्या कडेला धूर कापला गेलाय. मूळ चित्रात तो कुठे संपत होता, तुला आठवतं का?”

मला आठवत नव्हतं.